एकवीस फेऱ्या

प्रिय गुंडे,

पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळे ठणठणीत आहेत. फोनवर बोलायला गेलं की तुझी आई कान टवकारून बसते, म्हणून लिहायला घेतलं. चौथीत शाळा सुटली ती सुटलीच, तेव्हा अक्षराला हसायचं नाही.

तुझी लॅब बघून आल्यापासून माझे पाय जमिनीवर नाहीत बघ. जिन्यात भेटेल त्याला धरून सांगते, आमची गुंडी चरबीचे बुडबुडे करते, डोळ्यांना दिसायचे नाहीत इतके बारीक, आणि त्यांच्या पोटात औषध भरून माणसाच्या अंगात सोडतात. खालच्या शिंपिणीला पटेना. म्हटलं, अगं बये, डोळ्यांनी बघून आलेय! म्हणजे बुडबुडे नाही, पण बाकी सगळं. काचेच्या गोल चंबूच्या बुडाला धरलेली साय, पाणी घालून हलवल्यावर झालेलं दुधासारखं गढूळ, मग गरम ठोकळ्यावर समोरासमोर बसवलेल्या दोन काचेच्या पिचकाऱ्या आणि मधली ती जाळी. इकडून तिकडे, तिकडून इकडे, एकवीस फेऱ्या. बघता बघता दुधाचं निळसर पाणी झालं की! सगळे बुडबुडे एका मापाचे.

एक माप म्हणजे काय ते मला विचार. चाळीस वर्षं शर्टांना काजं केली. मालक पट्टी लावून बघायचा, एक काज लहानमोठं निघायचं नाही. पाच वर्षांची होतीस तेव्हा माझ्या मांडीवर बसून चिंध्यांवर काजं घालायचीस, तुझं मनगट मी धरायचे. गुंडी हे नाव काय उगाच पडलंय?

आणि त्या दिवशी ते मनगट कोणी धरलं होतं? तुझ्या लॅबच्या मोठ्या बाईंनी. माझ्याइतक्याच पिकलेल्या, पण केस काय कापलेत, ऐट काय! हळू दाब, हाताला जड लागलं पाहिजे, एकदम सोपं गेलं तर जाळी फाटली समज, असं त्या सांगत होत्या आणि तू नंदीबैलासारखी मान हलवत होतीस. वर मला म्हणतेस, आजी, हा हात बाईंनी घडवला बरं का, या माझ्या इथल्या आजी. मी हसले. पण नंतरचा चहा तसाच ठेवला.

परवा फोनवर म्हणालीस, मी आले त्या दिवशीच्या मालात बारक्यांबरोबर मोठे बुडबुडे निघाले, तेव्हापासून माझ्या हातावर माझाच भरवसा नाही, सोमवारी बाईंना सांगून हे काम सोडून देते. बोलता बोलता एकवीसच का तेही सांगितलंस. फेऱ्या विषम असल्या की शेवटच्या फेरीला माल समोरच्या स्वच्छ पिचकारीत उतरतो, न गाळलेले मोठे बुडबुडे पहिल्या पिचकारीतच मागे राहतात. मी फोन ठेवला आणि कागद शोधायला उठले.

गुंडे, त्या दिवशी वीस फेऱ्या झाल्यावर बाईंनी तुला हाक मारली. एकच राहिलीय, कशाला हात लावू नकोस, असं बजावून तू गेलीस. मला वाटलं, त्यांच्यापेक्षा माझा हात काय कमी आहे? राहिलेली फेरी मीच केली. हळू, जड लागेल अशी. मग भरलेली पिचकारी भलत्याच बाजूला दिसायला लागली, म्हणून रुमालाने धरून सगळं उलटं फिरवून ठेवलं, होतं तसं दिसावं म्हणून. तू आलीस आणि एकविसावी समजून बाविसावी केलीस. माल परत पहिल्या पिचकारीत. तुझा हात चळला नव्हता गं, मीच जळले होते. शिंपीण उद्या तुझ्याच गावाला निघालीय, तिच्या हाती हे पत्र देतेय. सोमवारी बाईंना वाचून दाखव, काय बोलायचं ते मला बोलू देत. फक्त एवढं विचारून कळव, जाळी फाटली नव्हती ना? नसणारच. मग माझा हात चांगला होता, हेही त्यांच्या कानावर घाल.

तुझीच, आणि पहिली,
आजी