गुरुवारचं जेवण, दामले काकांकडे

१२ मे २००८, सोमवार
ऑफिसला पोचले तर डेस्कवर दोन राजीनामे. दोन्ही होम हेल्पर्सचं कारण एकच, गॅस. इथे अमेरिकेत पेट्रोलला गॅसच म्हणतात, आणि ते भयंकर महागलंय. "अर्धा पगार गाडीच पिते." म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन स्वयंपाक, साफसफाई करणारी माणसंच उरली नाहीत तर मी कोऑर्डिनेटर कशाची? बॉस लिंडा म्हणाली, जूनपर्यंत हे सगळं नीट बसवून दाखव, नाहीतर सिटी काउन्सिल ही सर्व्हिसच बंद करेल.
दुपारी डबा खाल्लाच नाही.

१४ मे, बुधवार
घरी डायनिंग टेबलवर मॅप पसरला. लॉरेन, आमची सगळ्यात जुनी हेल्पर, सकाळी गावाच्या एका टोकाला, दुपारी दुसऱ्या. निम्मा दिवस ड्रायव्हिंग.
इरा डोकावली. "आई, दॅट्स लाइक डिलिव्हरिंग वन पिझ्झा ॲट अ टाइम."
कार्टी. पण बरोबर आहे. आता एका हेल्परला एकच भाग.

२० मे, मंगळवार
तरी वेळ पुरत नाही. लॉरेनच्या भागात दामले काका आणि डोरिस समोरासमोर राहतात. काका रिटायर्ड इंजिनिअर, काकू गेल्यापासून एकटे, गुडघा बदललेला. डोरिसला नीट दिसत नाही. अ‍ॅरिझोनात राहणारी तिची मुलगी तिला नर्सिंग होममध्ये, म्हणजे इथल्या वृद्धाश्रमात, टाकायच्या विचारात. दोघांचं जेवण एकाच घरी केलं तर?
काका : "अगं सुनीता, वीस वर्षांत आम्ही हात हलवण्यापलीकडे गेलो नाही!"
डोरिस : "त्यांच्याकडून वास येतो."
"कसला?"
"माहीत नाही. पण रोज सहाला येतो."

२९ मे, गुरुवार
पहिलं जेवण काकांकडे. फजिती. लॉरेनने चिकन सूप केलं, काका शाकाहारी हे सांगायचं मीच विसरले. काकांनी मुकाट दहीभात खाल्ला. डोरिस पर्स मांडीवर घेऊन, आत्ता निघायचंय अशी बसलेली. बाहेर येऊन लॉरेन म्हणाली, "मयताला सुद्धा यापेक्षा जास्त गप्पा होतात."
हसू आलं. मग रडू. मग परत हसू.

५ जून, गुरुवार
आज काका म्हणाले, फोडणी मी देणार. काठी टेकवून शेगडीपाशी उभे. तेल जास्त तापलं, मोहरी-हिंग पडताच स्मोक अलार्म! लॉरेन टॉवेल हलवतेय, काका ओरडतायत, आणि डोरिस टाळ्या वाजवत, "हाच! हाच तो वास!"
वरणभात दोनदा घेतला तिने. मग कळलं, तिचा नवरा काकांच्याच कंपनीच्या प्लँटमध्ये होता. "तुमच्या ड्रॉइंग्जना रोज शिव्या घालायचा तो."
काका म्हणाले, "बरोबरच होतं त्याचं." तीनपर्यंत कोणी उठेना.

१२ जून, गुरुवार
आणखी दोन ठिकाणी अशी जेवणं सुरू. एके ठिकाणी जमलं. दुसरीकडच्या बाईंनी दारच उघडलं नाही. तिथे जुनीच पद्धत. असू दे.
लिंडा जेवायला आली, पापड मागून घेतला.
निघताना लॉरेन हळूच म्हणाली, तिला घराजवळच्या नर्सिंग होममध्ये नोकरी मिळतेय. "घेणार की नाही, सोमवारी सांगते." मनात आलं, आता हिचा भाग कोण बघणार? तोंडाने मात्र, "काँग्रॅच्युलेशन्स!"

१८ जून, बुधवार
काउन्सिलने निर्णय पुढच्या महिन्यावर ढकलला. लॉरेनचा सोमवार येऊन गेला; विचारलं तर म्हणे, अजून ठरत नाहीये. मी जास्त विचारत नाही, न जाणो "जाते" म्हणायची.
संध्याकाळी काकांचा फोन. शनिवारी हेल्पर नसते, तर हे स्वतः रस्ता ओलांडून डोरिसला हात धरून घेऊन आले. त्या गुडघ्याने! पोहे करपले म्हणे. दोघांनी खाल्ले.
मी म्हटलं, "काका, पडला असतात तर? आणि काउन्सिल नाही म्हणालं तर काय करायचं, ते मलाही माहीत नाही हो."
"ते तू बघ. उद्या येताना वांगी घेऊन ये. छोटी, काटेरी. डोरिसला भरून हवीयेत."