उन्हाळ्यात घेतलेलं माप

१० ऑगस्ट, रवि.
दोहाच्या आमच्या शूटिंग क्लबच्या रेंजवर नमुन्याच्या दोन रायफली आल्या. पॉइंट टू-टू बोअरच्या, दोन्हींना सायलेन्सर. एकीची नळी सोळा इंच, दुसरीची बारा. त्यातली एक लांबी ठरवून सहा मागवायच्या. परवान्याच्या अर्जावर लांबी मी लिहायची. एकदा अर्ज गेला की त्यात खाडाखोड चालत नाही, नवा अर्ज, नवी रांग.

सगळं शेजारच्या तबेल्यापायी. हिवाळ्यात मुलींची सकाळची बॅच सुरू करायची आहे, आणि त्याच वेळी तिकडे लहान मुलं घोड्यावर बसायला शिकतात. मागच्या हिवाळ्यात आमच्या आवाजाने एक घोडी उधळली, वरची मुलगी पडली. थोडक्यात वाचली. तबेलेवाले आमच्या क्लबच्या प्रमुख नूरा मॅडमना म्हणाले, आवाज गेला तर सकाळ तुमची, नाहीतर आम्ही तक्रार करणार. मॅडमनी मुलींना शब्द देऊन टाकलाय.

११ ऑगस्ट, सोम.
चाचणी. रायफल माने काकांच्या हातात. काका साताऱ्याचे, फौजेत उभा जन्म हत्यारं दुरुस्त केली, आता इथे आर्मरर. मी तबेल्याच्या कुंपणाशी उभी. दुपारचे साडेअकरा, डोळे मिटत होते उन्हाने. सोळा इंचीने दहा गोळ्या. मला काहीच ऐकू आलं नाही.

काका लांबूनच ओरडले, "काय कारकूनबाई, ऐकलंस का काही?"
"नाही, काका."
"तुझ्या स्टेपलरचा जास्त आवाज येतो!"

बारा इंची उडवलीच नाही. "ते खेळणं आहे. लांब नळीवर नजर बसते पोरींची. लिही सोळा, आणि पाणी पी, तोंड बघ किती उतरलंय." पाण्याची बाटली त्यांनीच आणून दिली.

१२ ऑगस्ट, मंगळ.
सोळा लिहिलं. चार वेळा वाचलं. मॅडमची सही, शिक्का. "खलास," म्हणाल्या. अर्ज गेला.

१५ ऑगस्ट, शुक्र.
जुम्म्यानंतर जेवताना अब्बांना सगळं सांगितलं. ते कौतुकाने ऐकत होते. मग माशाचा काटा काढता काढता:
"माप कवा घेतलंस गो?"
"सोमवारी. साडेअकराला."
"म्हंजे गरमीत."

एवढंच बोलले आणि भात मागितला.

मला इथल्या भारतीय शाळेत सीट मिळाली नव्हती तेव्हा दोन वर्षं अब्बाच माझी शाळा. लेथवरची पाळी संपवून यायचे आणि जमिनीवर बसून फूटपट्टी, कॅलिपर, अपूर्णांक. त्यांचा पहिला धडा त्यांच्याच चुकीचा होता. दोहात आल्या आल्या त्यांनी लेथवरून उतरलेला गरम शाफ्ट लगेच मोजला, बरोबर म्हणून दिला. थंड झाल्यावर तो आकसला, बेअरिंगमध्ये खुळखुळायला लागला. फोरमनने सगळ्यांसमोर तो त्यांच्या हातात ठेवला. गरम लोखंडाचं माप खोटं, हे मी पाढ्यांच्या आधी शिकले.

आणि मी थंडीतल्या बॅचसाठी ऑगस्टमध्ये माप घेतलं.

१६ ऑगस्ट, शनि.
सुट्टी. दिवसभर वाचलं. सायलेन्सर काडतुसातल्या दारूचा आवाज दाबतो. पण गोळी आवाजापेक्षा वेगाने गेली तर वाटेत तिचा स्वतःचा फटाका होतो, त्याला सायलेन्सर काही करू शकत नाही. आणि थंड हवेत आवाज हळू चालतो. म्हणजे जी गोळी आज त्याच्या मागे आहे तीच डिसेंबरात त्याच्या पुढे जाऊ शकते. आखूड नळीत गोळीला रेटा कमी मिळतो, ती जरा सुस्त निघते.

माझी समज चुकीचीही असेल. कुणाला सांगायचं? गप्प बसले तर कदाचित काहीच होणार नाही. कदाचित एखादं मूल पडेल.

१७ ऑगस्ट, रवि.
आधी काकांना सांगितलं. तीन वर्षांत पहिल्यांदा ते माझ्यावर हसले नाहीत. डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली. "अगं, मी सियाचेनच्या पायथ्याशी नोकरी केलेला माणूस. थंडीत हत्यार वेगळं वागतं हे मला कळायला नको? इथं येऊन डोकं उकडलं माझं."

मग दोघं मॅडमकडे. काका म्हणाले चूक माझी, मी म्हणाले माझी. मॅडमनी विचारलं, हळू गोळीची काडतुसं का नाही घेत? काका म्हणाले, काडतुसं अख्ख्या क्लबची वर्षातून एकदाच येतात, ती आलीत. मॅडम म्हणाल्या, अर्ज मागे घेतला तर रांगेत शेवटी, बॅच सुरू होईल की नाही सांगता येत नाही.

"आधी सिद्ध करा," म्हणाल्या. "मग मी मागे घेते." जाताना मला थांबवलं आणि इंग्रजीत म्हणाल्या, हे गेल्या सोमवारीच कळतं तर बरं होतं, पण डिसेंबरात कळण्यापेक्षा आज कळलं ते फारच बरं. मी ओरडा खायची तयारी करून गेले होते. बाथरूममध्ये जाऊन रडले, कृतज्ञतेने.

१९ ऑगस्ट, मंगळ.
इनडोअर हॉलचा एसी कालपासून सोळा अंशांवर. काडतुसंही तिथेच ठेवलेली, कारण तीही थंड हवीत (हे काकांचं). वेग मोजायचं यंत्र माझ्याकडे. सगळे स्वेटरमध्ये, बाहेर चव्वेचाळीस.

सोळा इंची: पहिली गोळी गुपचूप. दुसरी गुपचूप. मला वाटलं मीच मूर्ख. तिसरी, सट्! चाबूक मारल्यासारखी. मॅडम दचकल्या. दहापैकी चार वाजल्या.

बारा इंची: दहाच्या दहा गप्प.

"घ्या," काका म्हणाले, "खेळणं शहाणं निघालं." मग सायलेन्सरसकट ती खांद्याला लावून बघितली, परत बघितली. "सायलेन्सरने लांबी भरून निघते की. पोरींच्या हातालाही हलकी. मी म्हातारा उगाच अडून बसलो."

२० ऑगस्ट, बुध.
जुना अर्ज मॅडम स्वतः जाऊन घेऊन आल्या. नवा भरला: बारा. शेरा म्हणून चाचणीचं तापमान लिहिलं. मॅडमनी विचारलं हे कशाला, मी सांगितलं आमच्या घरची सवय. अब्बांना फोन केला. "बरं केलंस," म्हणाले, मग लगेच आईला ओरडून सांगताना ऐकू आलं, "ऐकलास का, पोरीने कागद फिरवलान!"

६ नोव्हेंबर, गुरु.
अजून परवाना नाही. सगळे आपापल्या कामात. मुलींच्या आया फोन करतात, मी "इन्शाल्ला" म्हणते आणि फोन ठेवल्यावर वाटतं, सोळाच ठेवलं असतं तर रायफली आत्तापर्यंत आल्या असत्या. काका म्हणाले, "आल्या असत्या आणि वाजल्या असत्या." हे वाक्य मी आज दहा वेळा मनात म्हटलं.

८ डिसेंबर, सोम.
आल्या! सहाही. प्रत्येकीची नळी मी मोजली. काकांनी मोजू दिली, घाई नाही केली. अल्हम्दुलिल्ला.

२२ डिसेंबर, सोम.
पहिली सकाळ. साडेसहा. चौदा अंश, हवेत ओल. सहा मुली चटईवर पालथ्या, मागे काका. मी परत कुंपणाशी. पलीकडे तबेलेवाले स्वतः उभे, हातात चहाचा पेला, आणि एक लहान मुलगा करड्या घोडीवर गोल गोल.

काकांचा हात खाली आला, सहा गोळ्या सुटल्या. मला फक्त लांबचा विमानाचा आवाज ऐकू आला. तबेलेवाल्यांनी पेला तोंडाला लावला. दुसरी फेरी. काही नाही. तिसऱ्या फेरीला घोडी थबकली, दोन्ही कान आमच्याकडे वळवले. मुलाने लगाम आवळला. मला तरी काही ऐकू आलं नव्हतं. मग तिने मान हलवली आणि पुन्हा चालायला लागली.

तबेलेवाले माझ्याकडे वळले. "उद्या पण बघतो," म्हणाले. "उद्या अजून थंड आहे म्हणतात."