पुढची ओळ ती सांगायची

प्रिय पेटी,

तुझं खरं नाव आता फक्त पाकिटावर पत्ता घालताना आठवतं. सर कविता सुरू करायचे आणि मागच्या बाकावर तुझी छाती सूर धरायची, तेव्हापासून तू पेटीच. भाता चालतोय ना? मागच्या पत्रात लिहिलं होतंस की धाप लागली, लेकाने दवाखान्यात नेलं, आणि वाफेचा मुखवटा बाजूला करून तू सिस्टरला विचारलंस, "काळी चार लावू का?" वाचून मोठ्याने हसलो. मग घरात हसणारा मी एकटाच आहे हे कानांना कळलं.

माझीही बातमी तसलीच. या महिन्यात तिसऱ्यांदा इमर्जन्सीत जाऊन आलो. साखर एकदम खाली जाते. इन्सुलिन टोचून घ्यायचं आणि जेवायचं नाही, मग दुसरं काय होणार. आधी हात थरथरतात, कपाळावर गार घाम येतो, मग खोलीतला उजेड जुन्या फोटोसारखा पिवळा पडतो. खालची शिंपीण मशीन सोडून धावत येते, म्हणून वाचतो. डोळे उघडतात ते पडद्याआडच्या खाटेवर. सिस्टर दरडावते, "आजोबा, इंजेक्शनानंतर जेवायचं असतं, कविता म्हणायच्या नसतात." परवा शेजारी एक बेकरीवाला होता. मैद्याच्या हातांनी छाती धरून म्हणत होता, नुसता गॅस झालाय, सोडा मला, भट्टी पेटलेली आहे. छातीला तारा चिकटवत डॉक्टर म्हणाला, "भट्टी राहू द्या काका, आधी हे बघू." तो वाचला. आपली तोंडपाठही, गेली त्या दिवशी, अशाच खाटेवर गॅसच म्हणत होती.

तोंडपाठ. वर्गात सगळ्या कविता तिलाच यायच्या म्हणून हे नाव तूच ठेवलंस, आणि पुढे मी तिच्याशी संसार केला तरी ते सुटलं नाही.

आता जे सांगतो ते शिंपिणीलाही ठाऊक नाही. पहिल्यांदा साखर उतरली तेव्हा तोंडपाठ आली. जायच्या आधीच्या वर्षात दिसायची तशीच, चष्मा कपाळावर. समोरच्या खुर्चीत बसून म्हणाली, "कुठे अडलास?" जन्मभर अडतो तिथेच अडलो होतो. 'सांजेच्या नावेतुन आले कोण पाहुणे काठाला, दार उघडले…' आणि पुढे कोरी पाटी. पुढची ओळ नेहमी तीच पुरवायची, भाजी चिरता चिरता, पाठमोरी. तिने ओठ उघडले, आणि माझ्या शिरेत ग्लुकोज गेलं. समोर नुसता पडदा हलत होता.

दुसऱ्यांदा मी जेवायचं विसरलो नव्हतो रे. ताट वाढलं, झाकलं आणि खुर्ची पुढे ओढून बसलो. ती आली. पुन्हा तिथेच तुटलं.

तिसऱ्यांदा तिने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. मग धडा न आलेल्या पोरीसारखी म्हणाली, "पुढचं तू सांग ना. मला आठवत नाहीये."

नंतर डॉक्टरीणबाई सांगत होत्या, साखर अशी वरचेवर उतरली की डोक्यातलं थोडं थोडं पुसलं जातं. घरी येऊन तिच्या चष्म्याची आठवण काढायला बसलो. एक काडी दोऱ्याने बांधलेली होती. डावी की उजवी, आठवेना. तिला भेटायला ज्या वाटेने जातो, त्याच वाटेवर तिला सांडत येतोय, पेट्या.

आत्ता दुपार आहे. इंजेक्शन घेतलंय. ताट शेजारी झाकलेलं आहे. अक्षर हलायला लागलंय, ते तुला दिसत असेलच. खुर्चीकडे बघायचं नाही म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. मघाशी हाक आल्यासारखं वाटलं तरी मान वर केली नाही. पुढची ओळ तुला येत असणार, तिच्याच शेजारी उभा राहून तू म्हणायचास. पण ती पत्रातून पाठवू नकोस. हातात पडली तर ती तिला सांगायला मी निघेन. त्यापेक्षा पंप खिशात टाक, लेकाला सोबत घे, आणि इथे येऊन त्याच खुर्चीत बसून म्हण, माझ्या तोंडात घास असताना. हे बघ, झाकण काढलं. पहिला घास घेतलाय, गार आहे. आणि खुर्ची करकरली, कुणी उठून गेल्यासारखी.

तुझाच,
दारात अडलेला