काशम्माच्या मापाचे घर

मी, सिद्धलिंगप्पा बसलिंगप्पा हत्तुरे, वय साठ, राहणार होटगी रस्ता, सोलापूर, कोणाच्या दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. काळजाचे ठोके ऐकून डॉक्टरांनी तोंड वाकडे केले; डोके मात्र ठिकाणावर आहे.

१. निवृत्तीपूर्वी बंगळूरला मी उपग्रहावरच्या यंत्रांसाठी धातूची कवचे आखत असे. एका अंगाला रणरणते ऊन, दुसऱ्या अंगाला हाडे गोठवणारी थंडी, वर उडतानाचे हादरे. एवढ्या सगळ्यात आतले नाजूक यंत्र शाबूत राहिले पाहिजे. तिथले कानडी कारागीर कवचाला 'मने' म्हणत, म्हणजे घर. माझ्याही तोंडात तेच बसले. आमची घरची बोली कानडीच. सोलापूरला गड्ड्याच्या यात्रेला आलो तेव्हा पत्नी काशम्माला म्हणालो, 'मने'चे काम चालू आहे, संपेपर्यंत सवड नाही. तिने गावभर सांगितले, भांडीसुद्धा बांधून ठेवली. घर निघाले जेवणाच्या डब्याएवढे.

मेहुण्याने, धुळाप्पाने, भर पंगतीत विचारले की आभाळात प्लॉट घेतला काय. सगळे हसले. काशम्मा एवढेच म्हणाली, "यंत्राला घर केलं. मला कवा?" ती माहेरी वळसंगला गेली, ती अजून तिथेच आहे.

२. धुळाप्पास काहीही देऊ नये. आभाळातला प्लॉट हवा असल्यास त्याने स्वतः वर जाऊन मोजून घ्यावा.

३. व्हर्नियर, कंपासपेटी व पट्ट्या पुतण्या गोपाळला. पेन्सिली चावायची सवय त्याने आधी सोडावी.

४. होटगी रस्त्यावरचे दोन खोल्यांचे घर काशम्माचे. कवच आखताना आधी आतल्या वस्तूचे माप घ्यायचे, भिंती नंतर. हे घर मी तसेच बांधले. ओटा तिच्या उंचीचा, फळी तिच्या हाताला येईल अशी, उंबरा बसका, कारण तिचा गुडघा दुखतो. मी उंच माणूस. त्या ओट्यावर भाजी चिरताना माझी पाठ मोडते. मापे आठवणीतून घेतली, चुकलीही असतील. ती येऊन उभी राहिल्याशिवाय कळणार कसे? तिची लई आठवण येते.

५. वकील म्हणतात, मृत्युपत्र मेल्यावरच लागू होते. इतर कलमांचे तसे होऊ दे. चौथे कलम आजपासून लागू धरावे. याची नक्कल वळसंगला पाठवत आहे. काशम्मा, मी आहे तोवर ये.

लिहिले ते वाचून, खात्री करून, दोघांदेखत सही केली.

सही: सि. ब. हत्तुरे

साक्षीदार:
गंगाधर विरूपाक्ष अक्कलकोटे, वकील
गोदावरी नारायण येमूल, शेजारीण

सोलापूर, १४ नोव्हेंबर १९७८