पुडिंगचा निवाडा

थॉर्नबी, यॉर्कशर
१२ मार्च

चि. रोझमंडला विनिफ्रेड आत्याचे अनेक आशीर्वाद.

हरले. न्यायाधीश म्हणाले, मिस ऑल्डरसन, तुमचं म्हणणं मला पटतं, पण माझे हात बांधलेले आहेत. पटतं तर द्या ना निकाल! जन्मभर मी प्रिंगलच्या कुरणातून चॅपलला गेले, म्हातारा कधी हूं की चूं बोलला नाही. आता त्याचा दिवटा म्हणतो, वाट परवानगीची होती, हक्काची नव्हे. आणि फाटकाला कुलूप. पुरावा काय, तर दर नाताळात मी त्याच्या बापाला दिलेलं पुडिंग! कुठल्याशा जुन्या खटल्यात कोणी शेतकरी वाटेपायी जमीनमालकाला दरसाल हंस द्यायचा, म्हणजे परवानगीची किंमत मोजायचा, म्हणून त्याचा हक्क बुडाला. म्हणून माझाही! मोटारींच्या रस्त्याने वळसा घालून या गुडघ्यांनी मी मिस्सेच्या प्रार्थनेला पोचायची कशी?

लोभ आहेच, राग त्याहून जास्त आहे.
तुझी आत्या

लंडन
१५ मार्च

ती. आत्यास सा. न. वि. वि.

न्यायाधीशांवर डाफरू नकोस. हंसाचा निकाल अपील न्यायालयाचा आहे. खालच्यांनी तो पाळायचाच, पटो न पटो. नाहीतर प्रत्येक गावाला निराळा कायदा होईल. तुमच्या कॉन्व्हेंटात मदर सुपीरियरचा शब्द सिस्टर बर्नाडेट मोडायच्या का? आता आपण लीड्सला उच्च न्यायालयात जाऊ. अपील न्यायालय त्याच्याही वर, म्हणून तेही बांधलेलंच. हंसाचा निकाल चूक म्हणून चालणार नाही. आपली गोष्ट वेगळी, एवढं दाखवता येईल. तो हंस वाटेसाठी होता. तुझं पुडिंग कशासाठी होतं?

माया अशीच असू दे, आवाज थोडा कमी कर.
रोझमंड

थॉर्नबी
१८ मार्च

चि. रोझमंडला आशीर्वाद.

कशासाठी म्हणजे? नाताळ म्हणून! गल्लीतल्या प्रत्येक घरी देते. समोरच्या प्रॉटेस्टंट पाद्र्याला, व्हिकरलासुद्धा, ज्याच्या अंगणात मी पाऊल टाकलेलं नाही. म्हातारा प्रिंगल उलट चीज पाठवायचा. त्याला काय माझ्या स्वयंपाकघरातून वाट हवी होती? हे सगळं मी कोर्टात सांगितलं, व्हिकरनेही सांगितलं. माझ्या त्या वकिलाला वाटलं, बाई बडबडतेय.

या खेपेला माझी वकील म्हणून तूच उभी राहा.
आत्या

लीड्स
९ ऑक्टोबर

ती. आत्यास सा. न. वि. वि.

जिंकलो! तुला येऊ दिलं नाही याचा राग आता सोड. तू मध्येच बोलली असतीस. व्हिकरची साक्ष वाचताना न्यायाधीश हसल्या. म्हणाल्या, हंस वाटेसाठी होता, पुडिंग शेजारधर्मासाठी; हंसाचा निकाल इथे लागू नाही. कुलूप आजच निघेल. निकाल छापून येणार आहे, ऑल्डरसन विरुद्ध प्रिंगल.

एक पुडिंग मलाही ठेव.
रोझमंड

थॉर्नबी
२० फेब्रुवारी

चि. रोझमंडला अनेक, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी चॅपलबाहेर सगळ्यांना वाचून दाखवलं, व्हिकरला दोनदा. आपल्या निकालामुळे डेव्हनमधल्या कोणा बाईची वाट बंद होता होता राहिली म्हणतेस. शेजाऱ्याला सफरचंदं द्यायची बिचारी. आणि तिथले न्यायाधीश म्हणाले, ऑल्डरसनचा निकाल मला फारसा पटत नाही, पण माझे हात बांधलेले आहेत.

शहाणा माणूस! न्यायाधीश असावा तर असा.

धाकट्या प्रिंगललाही नाताळात पुडिंग दिलं. फाटकातून गेले, कुरण ओलांडून.

आपल्या घराण्याच्या नावाला जपून राहा, आता त्याला वजन आहे.
तुझी आत्या