फ्रिजमध्ये चावी ठेवली आहे

योगिनी,

आज घरात तुझं शूटिंग, म्हणून मी डभोईला दिग्विजयकाकाकडे जातोय. तुझ्या आईची साडी नेसून दुसरी बाई ओट्याशी उभी राहिलेली मला बघवणार नाही. राग नाही. फिल्म तू करच.

फ्रिजची घरघर रेकॉर्डिंगमध्ये येते म्हणालीस. बंद कर, पण परत चालू करायला विसरशील, म्हणून तुझ्या स्कूटरची चावी मी फ्रिजमध्येच ठेवली आहे. ती घेतल्याशिवाय तुला निघता येणार नाही. आईने होळीला केलेलं पुरण अजून फ्रीझरमध्ये आहे.

तुझे संवाद वाचले. त्यात आई दारात म्हणते, "बाळा, माझा जीव तुझ्यात अडकलाय." असं ती जन्मात बोलली नाही. आपण निघालो की हात पुसत यायची आणि गुजरातीत विचारायची, "डबो लीधो ने?" जीव त्यातच असायचा. तेवढंच ठेव, बाकीचं खोड.

आज निघताना मीही दारात जरा थांबलो. डबा घेतलाय.

बाबा