दुसरी सही सरांची

तीर्थस्वरूप आत्यास,

शिरसाष्टांग नमस्कार. (कागदावरच घे. प्रत्यक्ष घातला तर परत उभी राहीन याची खात्री नाही.) तुझा गुडघा कसा आहे? काकांना ऐकू न येणं अजून सोयीपुरतंच आहे की खरंच वाढलंय? इकडे सगळं क्षेमकुशल. एक आधीच सांगून ठेवते, तू आमच्या संस्थेच्या विश्वस्त मंडळावर आहेस म्हणून हे पत्र मी अजिबात लिहीत नाहीये. विश्वस्तांना लिहायचं तर संचालक सरांमार्फत लिहावं लागतं, आणि सरांमार्फत गेलेले आमचे सहा अर्ज सरांच्याच ड्रॉवरमध्ये सुखाने नांदतायत. भाचीने आत्याला लिहायला अजून तरी कुणाची परवानगी लागत नाही.

तर माझी नोकरी. आमच्या केंद्रात अपंगत्व असलेली चोवीस माणसं राहतात आणि दिवसपाळीला आम्ही पाच मदतनीस. उठवणं, आंघोळ, पलंगावरून व्हीलचेअरमध्ये, व्हीलचेअरमधून पलंगावर. भिंतीवर ठळक नियम आहे, ‘उचलताना नेहमी दोघे’. (त्याच्या शेजारी सरांनी ‘हसत राहा’ असंही लावलंय. माणसं वाढवा असा अर्ज केला होता, त्याचं हे उत्तर. सोबत तणावमुक्तीचं शिबिर झालं, ड्युटी संपल्यावर, सक्तीचं, आणि खुर्च्या कमी म्हणून उभ्याने.) आता पाच जणांनी जोडीजोडीने चोवीस जणांना उठवायचं म्हटलं तर शेवटच्याचा नाश्ता दुपारच्या जेवणात मिसळतो. म्हणून आम्ही एकेकटेच उचलतो. पण रजिस्टरात प्रत्येक वेळी उचलणाऱ्या दोघांच्या सह्या लागतात. सरांनी त्यावर तोडगा काढला. माणूस वाईट नाही गं, कुणी अडलं की धावून येतो, फक्त पेन घेऊन येतो. दर सोमवारी सर आठवड्याची कोरी पानं पुढ्यात घेतात आणि ‘दुसरा मदतनीस’ या रकान्यात वरपासून खालपर्यंत सह्या करून टाकतात. पुढे आम्ही भरत राहतो.

यात गंमत आहे ना? मलाही वाटायची. मग गेल्या महिन्यात मी भूगोलाच्या बाईंना एकटीच खुर्चीत घेत होते. (बाई निवृत्त शिक्षिका. कमरेखालचे स्नायू संपावर गेलेत, असं त्या स्वतःच सांगतात, आणि वाटाघाटीची आशा नाही.) अर्ध्यावर माझ्या पाठीत उसण भरली. पुढे जाता येईना, मागे येता येईना. बाईंचे हात माझ्या गळ्यात, माझे त्यांच्या काखेत, अशा आम्ही पलंगाच्या काठावर तब्बल नऊ मिनिटं लटकलो. हाका मारून उपयोग नव्हता, कारण जो तो आपापल्या खोलीत कुणाला तरी एकट्याने उचलत होता. मला धीर यावा म्हणून बाई माझ्या कानात देशोदेशीच्या राजधान्या म्हणत होत्या. त्या चुकायला लागल्या तेव्हा मला कळलं की त्याही घाबरल्यात. आत्या, मी खरंच घाबरले होते. माझा हात सुटला असता तर त्यांचं डोकं सरळ फरशीवर आपटलं असतं. शेवटी चादरी न्यायला धोबी आला आणि त्याने आम्हा दोघींना एकदमच पलंगावर लोटलं. रजिस्टरात त्या नऊ मिनिटांपुढे सरांची सुबक सही आहे.

आता खरी मजा ऐक. मागच्या आठवड्यात एक बडे देणगीदार आले. उंच, हळवे गृहस्थ, बरोबर फोटोग्राफर. बाईंच्या पलंगाशीच सरांनी हौसेने त्यांच्या हातात रजिस्टर दिलं. (आमचं रजिस्टर फार नीटनेटकं असतं. ते भरताना निदान बसता येतं ना!) गृहस्थ पानं उलटत गेले आणि त्यांचे डोळे भरून आले. संचालक असूनही हा माणूस रोज सत्तर वेळा स्वतः उचलतो! (आठ वाजून दहा मिनिटांनी तर एकाच वेळी पाच खोल्यांत, पण हे त्यांच्या नाही, बाईंच्या लक्षात आलं.) त्यांनी सरांचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाले, “मला हे प्रत्यक्ष बघायचंय.” सरांना एकदम तीन फोन आठवले, एक मीटिंग आठवली, शेवटी त्यांनी बाई दमल्या असतील असं सुचवून बघितलं. “मी कशाची दमतेय?” बाई म्हणाल्या. “रोजच्यासारखंच उचला की सर.”

माझं हसू कुठे ठेवावं ते मला कळेना. डावीकडे मी, उजवीकडे सर, आणि मागे आमच्या पाचांतला लांब्या मुद्दाम उभा केलेला, कारण चेष्टा सरांची चालली होती, बाईंच्या हाडांची नव्हे. सरांनी आधी उशीच धरली. मग हात कुठे घालतात ते मी दाखवलं. तीन म्हटल्यावर उचलायचं ठरलं, सरांनी दोनलाच उचललं. मी आणि लांब्याने बाईंना अलगद खुर्चीत बसवलं, सर मात्र वाकले ते वाकलेच. फोटोग्राफर फोटो काढत सुटला. देणगीदारांना वाटलं ही सरांची नम्रता, म्हणून तेही वाकले. एक मिनिटभर दोघं मोठी माणसं बाईंपुढे वाकून उभी, आणि बाईंनी आशीर्वादाला हात वर केलेला. मग खालून बारीक आवाज आला, “मला... धरा.” लांब्या पुढे झाला तर बाईंनी त्याला अडवलं. “एकट्याने नको. भिंतीवर वाच.”

सर आता घरी पाठ टेकून आहेत. देणगीदारांनी मानपत्र पाठवलंय, वाकलेल्या फोटोसह. आणि परवा सरांचं पाकीट आलं. आत दोन कागद. पहिल्यात लिहिलंय की सरांना उठवायला सकाळ-संध्याकाळ दोन मदतनीस घरी पाठवावेत, एकट्या माणसाने उचलणं धोक्याचं असतं. (सरांचं वजन अठ्ठावन्न किलो.) म्हणजे केंद्रात उरलो तिघं. दुसरा कागद विश्वस्तांसाठीचा ठराव आहे. रजिस्टरातली दुसरी सही काढून टाकावी, भिंतीवरचा नियम उतरवावा, आणि केंद्रातल्या माणसांना यापुढे ‘अनुभवी मदतनिसाने एकट्यानेच’ उचलावं. मला वाटतं दोन्ही कागद त्यांनी एकाच पेनाने लिहिलेत.

काकांना नमस्कार. गुडघ्याला जप.

तुझी (अजून लाडकीच ना?)
भाची

ता. क. तू विश्वस्त आहेस म्हणून लिहीत नाही, असं वर म्हटलंय ते साफ खोटं आहे. सोमवारच्या सभेत हा ठराव अकराव्या क्रमांकावर, अगदी चहाच्या तोंडावर ठेवलाय. मागच्या सभेत तुम्ही अकरा ते पंधरा विषय एकदमच मंजूर केलेत असं इतिवृत्तात आहे. या खेपेला चहा थोडा गार होऊ दे.

ता. ता. क. ‘क्षेमकुशल’ही खोटं आहे. हे पत्र मी पालथी पडून लिहितेय, पाठीतली ती उसण पुन्हा भरलीय, आणि डॉक्टरांनी सहा आठवडे काही उचलायचं नाही म्हणून बजावलंय. म्हणजे वरचे तिघंही खरे दोघंच. उद्यापासून बाईंकडे लांब्या एकटाच असेल. आईला यातलं काही सांगू नकोस.

आणखी एक. बाईंनी फोनवर हे पत्र पूर्ण वाचून घेतलं, दोन चुका काढल्या, आणि तुझ्यासाठी निरोप दिलाय, तो जसाच्या तसा देते. “आत्याला म्हणावं, ठराव पाडायला एक हात पुरतो. मला उचलायला चार लागतात.”